गणपतीमागचं मयेचं तळं

चतुर्थीच्या कामांची यादी मी महिनाभर आधीच करते. त्या वर्षी सगळ्या कामांवर खुणा झाल्या, फक्त ‘गणपतीमागचा देखावा’ तेवढा अडून राहिला. गोवा राज्य झाल्यानंतरची ती वर्षं. कोंकणी की मराठी, यावरून आमच्या डिचोलीच्या घरात रोज वाद होई. त्यात आता मयेच्या तळ्याची भर पडली.

आमचे हे खाणीच्या ऑफिसात कामाला. उन्हाळाभर दर रविवारी पहाटे स्कूटरने मयेला जात आणि तळ्यात होड्या सुटायच्या आत परतत. मग प्लायवूडच्या मोठ्या फळीवर ऑइलपेंटने तळं रंगवत बसत. हिरवं पाणी, पलीकडचं रान आणि पाण्यात पडलेलं त्याचं प्रतिबिंब. माणूस नाही, देव नाही.

सासऱ्यांनी चष्मा पुसून पाहिलं.

“गणपती हांगा बसपाक येता, न्हांवपाक न्हय. कैलास खंय?”

“बाबा, मयेंत कैलास ना.”

“मगीर दोन कमळां तरी काड.”

“कमळांय नात.”

“तर आसा कितें थंय?”

“आसा तें काडलां.”

मी मध्ये पडून एखादा बगळा सुचवला, तर दोघेही माझ्यावरच घसरले. ही फळी माळ्यावर गेली तर हे पुन्हा ब्रश धरणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळीच मी ती भिंतीला लावून घेतली. काढायची तर बाबांनी स्वतः काढावी.

त्यांना तेवढी फुरसत नव्हती. माटोळी त्यांची. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि तिला रानातली, बागेतली फळं बांधायची. दुपारपर्यंत स्टुलावर उभं राहून त्यांनी सुपारीचे घोस, आंबाडे, बागेतलं तोरिंजन, रानातली लाल कवंडळं बांधली. मग कंबर धरून खाली चटईवर टेकले, ते उठेचनात. मला वाटलं, घेरी आली.

“कितें जालें, बाबा?”

“बस गो हांगा.”

मी बसले. उभ्याने पाहिलं तर तळं फळांच्या आड जात होतं. खालून ते पूर्ण दिसत होतं आणि फळं काठच्या फांद्यांसारखी पाण्यावर ओणवली होती.

“तळ्याकडेन तोरिंजन खंय आसता?” बाबा पुटपुटले. “थंय रानांतलीं करमलां जाय.” आणि यांना हाक मारली, “ए चितारी, स्टूल धर!”

संध्याकाळपर्यंत त्यांनी अर्धी माटोळी सोडून पुन्हा बांधली. रानातली फळं तळ्यावर, बागेतली कडेला. आमचे हे खाली स्टूल धरून, हसू दाबत उभे.

गणपती होते तेवढे दिवस बाबांनी आल्यागेल्याला आरतीनंतर जमिनीवर बसवलं. गुडघे धरलेले भटजीही सुटले नाहीत.

“उबें रावन दिसना,” बाबा बजावत. “सकयल बस.”

मी शेजारून आणखी चटया मागून आणल्या.