ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावलेला गेम

माझा सख्खा मोठा भाऊ पुण्याला असतो आणि हल्ली मोबाईलवर इतिहास सांगतो. गडकिल्ल्यांचा नव्हे, टीव्ही गेमचा. ऐंशीच्या दशकात जपानात एक लाल-पांढरं मशीन कसं निघालं, तैवान-चीनकडं त्याच्या नकला कशा झाल्या, त्या आपल्याकडच्या बाजारात कशा शिरल्या आणि आमचं बालपण कसं सोनेरी झालं, हे तो अशा थाटात सांगतो की जणू बोटीतली खोकी यानंच उतरवून घेतली. खाली लोक बदाम टाकतात. मी त्याचा एकही व्हिडिओ चुकवत नाही, पण ते काही प्रेमानं नव्हे. मला त्याच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं: आमच्या घरातलं मशीन मी जाळलं, बहिणीनं नाही. पंचवीस वर्षांहून जास्त मी त्या वाक्याची वाट बघत होते.

आमचं गाव जामखेडच्या अलीकडं. दादा सातवीत पहिला आला म्हणून अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, नगरहून तो गेम आणला. नकलेची नक्कल होती ती. कॅसेटवर लाखभर गेम छापलेले, आत निघाले मोजून आठ. पुढं तेच आठ नावं बदलून फिरत राहायचे. रणगाड्यांचा होता, मोटारसायकलींचा होता, बदकं मारायचा होता. मशीनला दोन रिमोट. पहिल्यावर स्टार्टचं बटण होतं, दुसऱ्यावर नव्हतं. मला वाटायचं, आपल्याला डुप्लिकेट माल मिळाला म्हणून तसं असेल. परवा दादानं व्हिडिओत सांगितलं की मूळ जपानी मशीनचाही दुसरा रिमोट तसाच होता. ऐकून माझं डोकंच फिरलं. म्हणजे घरात एक धाकटी बहीण असते, हे त्या बनवणाऱ्याला ठाऊक होतं, आणि तिनं आपल्या मनानं काही सुरू करायचं नाही, हेही त्यानं तिकडंच ठरवून टाकलं होतं.

दुसरा रिमोट अर्थात माझा. दादाचा माणूस मेला की माझी पाळी, असा नियम. आणि दादाचा माणूस मरायला टेकला की दादा रिसेट दाबायचा. मी तक्रार केली की आई म्हणायची, "खेळू दे गं त्याला, तुझं काय अडलंय?" माझं खेळायचंच अडलं होतं, पण ते कोणाला सांगणार?

मग मी दुसरा धंदा शोधला. मशीन बिघडलं की दादा त्याला थापडा मारायचा, मी ते उघडायची. रिमोटची तार आतून तुटली होती, ती मी चुलीत खिळा तापवून डाख देऊन जोडली. चित्र थरथरायला लागलं तर टीव्हीच्या मागची कुठली पिन हलवायची, हे घरात मला एकटीला कळायचं. तेव्हाच मी ठरवलं की दहावी झाली की नगरला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला जायचं. शाळेतल्या सरांनी फॉर्म कसा भरायचा तेसुद्धा सांगून ठेवलं होतं.

दहावीच्या साली अण्णांनी गेम कपाटात घालून कुलूप लावलं. माझ्या दहावीसाठी नव्हे, दादाच्या बारावीसाठी.

फेब्रुवारीतली दुपार होती. भारनियमनात लाईट गेलेली, अण्णा आणि आई रानात. आमच्याकडं क्रिकेटची मॅच असली आणि लाईट नसली की लोक ट्रॅक्टरची बॅटरी काढून ओट्यावर आणायचे आणि तिच्यावर छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही लावायचे. दादानं विचार केला, टीव्ही चालतो तर गेम का चालणार नाही? त्यानं किल्ली शोधून कपाट उघडलं, गेमच्या अॅडॉप्टरची वायर दातानं सोलली आणि बॅटरीला पिळे मारले. उलटे. अधिकाच्या जागी उणं.

मी गवताचा भारा टाकून आत आले तर घरात जळका वास. दादा माझ्याकडं बघून हसला. पहिला रिमोट, स्टार्टवाला, त्यानं स्वतःहून माझ्या हातात दिला. म्हणाला, "घे तायडे, आज तू आधी खेळ." आणि बाहेर पळाला. मी मूर्खासारखी खूश झाले. स्टार्ट दाबत बसले. मेलेल्या मशीनसमोर बसून स्टार्ट दाबत असतानाच अण्णांची सावली दारात पडली.

उलट्या जोडलेल्या तारा तेव्हा कुठं मला दिसल्या; मी खरं काय ते सांगितलं. दादानं गळ्याची शपथ घेऊन सांगितलं की तो लायब्ररीत होता. आमच्या गावात तेव्हा लायब्ररी नव्हती. पण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची म्हटल्यावर कोण चौकशी करतो? आई चुलीपाशी गप्प बसली होती. तिला मशीनमधलं काय कळतंय, असं मी समजले.

मार लागला, तो मी विसरले. जूनमध्ये जे झालं ते नाही विसरले. डिप्लोमाचा फॉर्म अण्णांनी वाचलासुद्धा नाही. "घरातला एवढासा गेम जाळला हिनं. तिथं सरकारची मशिनं जाळंल, मग?" विषय संपला. मी तालुक्याला बी.ए. केलं. आज शाळेत मराठी शिकवते. नोकरी चांगली आहे, पोरं चांगली आहेत, घरचा मिक्सर अजूनही मीच उघडते. राग मात्र तसाच आहे आणि तो लपवायची मला हौस नाही. अण्णा दोन वर्षांपूर्वी वारले, ते हे खरं मानूनच की मशीन मी जाळलं.

यंदा गावच्या यात्रेला दादा आला तो लाइट, स्टँड आणि एक नवं मशीन घेऊन. जुन्यासारखं दिसणारं, खेळण्यातलं. म्हणाला, "तायडे, तू नुसती शेजारी बस. लोकांना बहीण-भाऊ आवडतात."

मी म्हटलं, "बसते. पण आपलं मशीन कसं जळलं ते खरं सांगायचं."

"अगं, भारी कंटेंट आहे तो!" तो म्हणाला. जराही अडचण वाटली नाही त्याला. मोबाईल सुरू केला आणि माझ्या पाठीवर थाप मारून सांगून टाकलं, "तर मित्रांनो, आमचं पहिलं मशीन मी ट्रॅक्टरच्या बॅटरीला उलटं जोडून जाळलं आणि नाव घातलं हिच्यावर! बिचारी अजून चिडते!" आणि पोट धरून हसला.

एवढंच. ज्या वाक्यासाठी मी इतकी वर्षं दात-ओठ खाल्ले, ते असं हसण्यावारी निघून गेलं. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. त्याऐवजी मी आईकडं वळले. ती उंबऱ्याशी लसूण सोलत होती.

"ऐकलंस ना आई? आता तरी?"

"मला तवाच ठाव हुतं," आई म्हणाली. "बॅटरीतलं तेजाबाचं पानी सांडून त्याच्या खमिसाला भोकं पडल्याली. मीच धुतला की त्यो."

"मग बोलली का नाहीस?"

"त्याची बारावी हुती, बाई. तुज्या अण्णानं फोडून काढला असता त्याला. पोरगं परीक्षेला बसलं नसतं. तू काय, सोसनारी हुतीस."

"आई, माझी दहावी होती."

तिनं मान वर केली. लसणाची पाकळी तशीच हातात. तुम्हाला खोटं वाटायला नको म्हणून सांगते, ती नाटक करत नव्हती. तिला खरंच आठवत नव्हतं.

"व्हय का?" ती म्हणाली. "त्याच साली हुती तुजी?"