म्हशीसाठी खूण नव्हती

आमच्या मालकांना ऐकू येत न्हाय. इचलकरंजीत मागावर उभं राहून राहून कान गेलं. त्या खडखडाटात उभी उमर काढल्यावर दुसरं काय व्हणार? समोर उभं राहून बोललं की ओठ बघून त्यास्नी कळतं, पण मागनं ट्रक आला तरी पत्ता नसतो. आणि आमच्या कोल्हापुरात हॉर्न वाजवला की गाडीवाल्याचं काम संपलं. पुढचा सरकू दे न्हायतर मरू दे.

म्हणून मी त्यांच्या सायकलीच्या क्यारेजवर बसते. मी शेवंता, दादासोंची बायको, आणि रस्त्यावर त्यांचं कान. ते रोपवाटिकेत कामाला, मी त्याच्या पलीकडच्या मुलींच्या होस्टेलात भाकऱ्या थापते. उजव्या खांद्यावर थाप म्हणजे मागनं गाडी येतीया, कडंला घ्या. पाठीत बुक्की म्हणजे थांबा. दोनच खुणा. तेवढ्यावर आजवर निभावलं.

रस्त्याकडंला सायकलीसाठी हिरवा पट्टा आखला तवा मी पेढं वाटायचं तेवढं राहिलतं. वाटलं, आता माझा माणूस सुखरूप जाणार. कसलं काय. पट्ट्यावर वडापावची गाडी, पुढं खडीचा ढीग, त्याच्या पुढं कुणा शहाण्याची पांढरी मोटार, बारा महिने तिथंच. त्यात उलट्या बाजूनं बुलेटवाला येतो आणि आम्हालाच डोळं वटारतो. "ओ मावशी, सरका की जरा." सायकलीच्या वाटेवर सायकलीनंच सरकायचं व्हय रे? डोस्कं उठतं माझं.

मालकांनी हँडलला आरसा लावलाय. मागच्या साली मी थाप मारली, तर हे आधी आरशात बघत बसलं. आरशात काय दिसलं न्हाय म्हणून सरकलंच न्हाईत. रिक्षानं उडवलं, कोपर फुटलं. दवाखान्यातनं आल्यावर मी समोर उभी राहिले आणि लेकीची, अक्षताची आण घातली. आरसा काय बी दाखवू दे, माझा हात सांगंल तेच करायचं. त्यांनी गुमान मान हलवली.

दिवाळी तोंडावर आलती. पाडव्याला आमच्यात म्हशी नटवून मोटरसायकलीमागं पळवत्यात, त्याची तालीम चाललेली. गल्लीतला पिराजी सायलेन्सर काढलेल्या गाडीवर बसून पिवळा फेटा हलवायचा आणि त्याची बिजली म्हस फेट्यामागं सुसाट सुटायची. तालमीला जागा कुठली, तर आमचाच पट्टा. गुळगुळीत हाय न्हवं.

त्या दिवशी आमच्या मागं कानठळ्या बसवणारा आवाज आला आणि एकदम बंद पडला. वळून बघितलं. पिराजीची गाडी बंद पडलेली, आणि बिजली त्याला मागं टाकून आमच्याकडं येत हुती. तिला फेटा दिसंना, पण माझ्या डोस्क्याला बांधलेल्या पिवळ्या टॉवेलाचं शेंडं वाऱ्यावर उडत हुतं.

"पावणं, थांबा! थांबू नका!" पिराजी दोन्ही म्हणत हुता, तेबी भैऱ्या माणसाला.

पुढं ती पांढरी मोटार. रोज तिथं आलं की मी बुक्की मारते, आम्ही उतरतो आणि चालत वळसा घालतो. उजव्या अंगाला उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या लावून धडधडत आलेला. सवयीनं माझी मूठ वर गेली. आणि मला कळलं, आता ही पाठीत पडली तर हे थांबणार, आणि म्हस आमच्या अंगावर येणार. जोरात चला, अशी खूणच आमच्याकडं न्हवती. जल्मभर मी त्यास्नी हळूच चला म्हणत आलेली.

मूठ सोडली आणि भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत, दोन्ही हातांनी त्यांच्या कंबरेला मिठी मारली. लग्नात सुद्धा मारली न्हवती. त्यांनी पायडलावर उभं राहून जोर लावला. मोटार आणि ट्रॉलीच्या मधनं सायकल घातली, उसाचं पाचट माझ्या दंडाला ओरबाडून गेलं. तेवढ्यात मी टॉवेल ओढला आणि मोटारीवर भिरकावला. मागं काच फुटल्याचा आवाज आला. बिजली टॉवेलाजवळ थांबलेली.

रोपवाटिकेच्या फाटकाशी ते उतरले. धाप लागलेली.

"म्हस लई जवळ आलती," म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आरशात. पैल्यापासनं दिसत हुती की."

"मग काय करणार हुता?"

"तू बुक्की मारायची वाट बघत हुतो. मारली असतीस तर थांबलो असतो."

"म्हस दिसत असताना?"

"अक्षताची आण घातलीयास न्हवं."

हे ते सरळ सांगत हुते, भाकरी झाली का इचारावं तसं. मी माझ्या मुठीकडं बघितलं. तशीच होस्टेलापर्यंत चालत गेले, आणि दिवसभर एक भाकरी धड गोल झाली न्हाय.

सांजच्याला ते होस्टेलाच्या दारात सायकल घेऊन उभं. क्यारेजवर नवा टॉवेल घडी घालून ठेवलेला, निळा. मी समोर गेले, ओठ दिसतील अशी.

"आण सोडली. आरशात बी बघायचं."

"आणि तुझा हात?"

"हाय की."

मी बसले आणि हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. घर येईस्तोवर मला त्याची मूठ करायचा धीर झाला न्हाय.