वाकड्या कोपराची गोलंदाजी

मी व्यावसायिक गोलंदाज होतो. आमच्याकडे याचा अर्थ असा, की भातकापणी होऊन शेतं मोकळी झाली की टेनिस बॉलच्या सामन्यांसाठी गावोगावचे संघ मला मोटारसायकलवरून न्यायला यायचे, कोंबडी-भाकरी खाऊ घालायचे आणि खिशात मानधन कोंबायचे. हरलो तर एसटी स्टँडपर्यंत सोडायलाही कुणी उरायचं नाही. घर हमरापूरला. घरातले सगळे गणपतीच्या मूर्ती करायचे, मी एकटाच विकेट काढायचो. वडिलांच्या मते फरक एवढाच होता की गणपतीला गिऱ्हाईक असतं.

चेंडू मात्र माझा सुसाट जायचा. लाउडस्पीकरवरचा समालोचक मला 'हमरापूरची तोफ' म्हणायचा. अर्थात तो प्रत्येक गावातल्या कुणाला ना कुणाला तोफ म्हणायचाच. मग पेणच्या एका फायनलला पंचाने हात आडवा केला. नोबॉल. पुढच्या चेंडूला पुन्हा नोबॉल. "भट्टा मारतंय हा," पंच म्हणाला. भट्टा म्हणजे चेंडू टाकायचा नाही, कोपर वाकवून फेकायचा. हे पंच यजमान कप्तानाचे सख्खे मेहुणे होते, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल शंका घेण्याचं कारणच नव्हतं. समालोचकाने ती बातमी लगेच माइकवरून अख्ख्या पेणला ऐकवली.

त्यानंतर बाजारात ओळखीचे लोक मला नमस्कार करायच्या ऐवजी कोपराला हात लावून हसू लागले. मोटारसायकली यायच्या बंद झाल्या. मी भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचे शर्ट घालू लागलो. एकदा भाऊ मूर्तीचा हात बसवता बसवता म्हणाला, "याला बघ, चारी कोपरं वाकडी, तरी लोक पाया पडतान." घरच्यांनी धीर द्यावा तर असा.

पुढे शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन मी रोह्याच्या एका शाळेत लागलो आणि वरसे गावात खोली घेतली. क्रीडाशिक्षकाचं काम म्हणजे प्रार्थनेला शिट्टी मारणं, पाहुणे आले की लेझीम बसवणं आणि गणिताचे सर रजेवर गेले की त्यांचा वर्ग गप्प बसवणं. एके दिवशी हेडमास्तरांनी बोलावलं.

"मुलींचा बेसबॉलचा संघ काढा."

"बेसबॉल? सर, इथे कुणी पाहिलेलाही नाही."

"म्हणूनच! जिल्ह्यात संघच नाहीत. थेट फायनल. जिंकून पुढे गेल्या की दहावीला वाढीव गुण."

नववीपर्यंत 'उन्हात काळी होशील' म्हणून पोरीला मैदानावर न सोडणाऱ्या पालकांना दहावी लागताच खेळाचं जे प्रेम फुटतं, त्याला तोड नाही. आठवड्याभरात संघ भरला.

मी नियमांचं पुस्तक मिळवलं आणि सगळ्यात आधी कोपर शोधलं. कुठेच नव्हतं. चेंडू फेकायचाच असतो, हवं तसं कोपर वाकवून. संध्याकाळी रिकाम्या मैदानावर मी एकटाच भिंतीवर चेंडू फेकत राहिलो. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुळीमुळे नव्हतं.

नववीत एक मुलगी होती. दगड मारून सांगाल ती चिंच पाडायची. तालुक्याच्या क्रिकेट निवडीत भट्टा म्हणून तिला सगळ्यांसमोर बाजूला काढलं होतं. तेव्हापासून ती खेळाच्या तासाला पायरीवर बसून राहायची. मी पुष्कळ मागे लागलो तेव्हा म्हणाली, "येते सर. पन परत कोनी कोपराला हात लावून दाखवला ना, तर मी चेंडूला हात लावायची नाय." तिचं खरं होतं. मला तिच्यासाठी भीती वाटत होती, आणि थोडी स्वतःसाठीही.

फायनल नेमकी पेणला, त्याच मैदानावर. मी पूर्ण बाह्यांत. दुसरा संघ चक्क हजर राहिला, याला हेडमास्तरांनी विश्वासघात म्हटलं. आमच्या मुलीने मात्र असे चेंडू फेकले की समोरच्या पोरी बॅट फिरवून फिरवून दमल्या. शेवटच्या डावात आम्ही एका धावेने मागे होतो, आमची एक मुलगी तिसऱ्या बेसवर, म्हणजे धावेपासून एकाच टप्प्यावर होती आणि आणखी एक बाद झाली की खेळ खलास. फलंदाजीला दहावीतली गुणांची उमेदवार. बेसबॉलमध्ये बॅटला लागून चेंडू मैदानात गेला की पळायलाच लागतं, हे मी महिनाभर घसा फोडून सांगितलं होतं. मांडवातून पालक ओरडले, "बघून खेळ गो!" तिने बघून खेळलं. सरळ बॅटने चेंडू पायाशी अडवला, तिसऱ्या बेसवरच्या मुलीला "नाय, थांब!" म्हणून हात दाखवला आणि जागेवर उभी राहिली. समोरच्यांनी चेंडू निवांत उचलून पहिल्या बेसवर दिला; चेंडू तिच्या आधी तिथे पोचला, म्हणजे ती बाद. आम्ही हरलो. विकेट वाचली म्हणून पालकांनी टाळ्या वाजवल्या.

मांडवातून केस पिकलेले एक गृहस्थ उठून आमच्याकडे आले. तेच मेहुणे. आता ते ज्येष्ठ मार्गदर्शक झाले होते. माझ्याकडे त्यांनी अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं. ज्याने माझा खेळ बंद पाडला त्याला माझा चेहराही आठवत नव्हता. मग आमच्या मुलीकडे बघून त्यांनी कोपराला हात लावला आणि हसत म्हणाले, "पोरीच्या हातात भट्टा हाय, काय सर?"

मी बाहीचं बटण चाचपलं आणि मुलीकडे बघितलं.

मुलीने चेंडू या हातातून त्या हातात घेतला. "व्हय काका, हाय," ती म्हणाली. "हितं तोच लागतो."

आणि पाणी प्यायला निघून गेली. ऊन फार होतं. मी दोन्ही बाह्या कोपराच्या वर दुमडल्या आणि तिच्या मागोमाग गेलो.