इंजिनाला कात्री लावण्याआधी

आमच्या घरात एक इंजिन आहे. पत्र्याचं, हातभर लांब. वडील भुसावळच्या रेल्वे शेडमध्ये ड्रायव्हर होते. ड्रायव्हरला तेव्हा आपलं असं एक इंजिन मिळायचं, आणि त्या इंजिनाची नक्कल वडिलांनी रॉकेलचे डबे कापून, कथिलाचे डाग देऊन जोडून केली होती. उंच धुराडं, त्यामागे घुमट, ड्रायव्हरच्या खोलीला एकच खिडकी, तिच्याखाली खऱ्या इंजिनाचा नंबर रंगवलेला. वडील वारल्यावर खंडेनवमीला त्यांच्या पान्याशेजारी आणि कंदिलाशेजारी हे इंजिनही पाटावर मांडलं जाऊ लागलं. हळदकुंकू, झेंडूचं फूल, सगळं.

त्या इंजिनावर एके दिवशी मला लाल पेन्सिलच्या रेघा दिसल्या. धुराड्याच्या अर्ध्यावर एक रेघ, खिडकीशेजारी दुसऱ्या खिडकीचा चौकोन. कुठे कापायचं त्याच्या खुणा.

माझं डोकं सणकलं. मी त्या दिवसांत गावातल्या शनवारा चौकात पत्रकं वाटत होतो. नवं राज्य होणार, आमचं बुऱ्हाणपूर भोपाळच्या पदरात जाणार, हे वरच्या वर ठरलं होतं. घरात मराठी, बाजारात हिंदी बोलणाऱ्या आम्हा लोकांचं मत कोणी घेतलं? माझ्या प्रत्येक पत्रकाचं शेवटचं वाक्य एकच असे: ‘माणसांना विचारल्याशिवाय नकाशाला कात्री लावू नका!’ आणि इथे माझ्याच घरात, मला न विचारता, कोणीतरी कात्री काढली होती.

कोणीतरी म्हणजे काका. वडिलांचे धाकटे भाऊ, त्याच शेडमध्ये फिटर, सुट्टीला घरी येत. मी विचारलं तर म्हणाले, “बाबांचं इंजिन वर्कशॉपातून नवं होऊन आलं ना बेटा. बॉयलर बदली, धुराडं छोटं, खिडक्या दोन. मग आपलंबी तसंच करायचं.”

“कोणासाठी?”

“कोणासाठी म्हंजे? तू तर कोतवालच झाला रे!”

उत्तर टाळणारा माणूस मला चालत नाही. त्यात दोनच दिवस आधी नव्या राज्याच्या स्वागत समितीचा एक टोपीवाला आमच्या ओसरीवर चहा पिऊन गेला होता. मिरवणुकीसाठी त्यांना देखावा हवा होता, हे सगळ्या गावाला माहीत. मी हिशेब जुळवला. नवं राज्य, नवं इंजिन, आणि मिरवणुकीच्या गाड्यावर माझ्या बापाची निशाणी, धुराडं छाटून! काकांनी घर विकलं असतं तर मला इतकं लागलं नसतं.

मी पाळत ठेवली. काका सुतळीचा गुंडा खिशात घालून निघाले. माय त्याच सकाळी “फोपनारले जाऊन येते मावशीकडे” म्हणून बाहेर पडली होती, तिच्यासमोर भांडण नको, बरंच झालं असं मला वाटलं. काका गाडीने जाऊन चांदनी स्टेशनावर उतरले. मी मागच्या डब्यातून. बाजूच्या रुळावर एक मालगाडी उभी होती, आणि काका तिच्या इंजिनाला सुतळी लावून गाठी मारत होते. धुराड्याची उंची, एक गाठ. खिडकीची रुंदी, दुसरी गाठ. ड्रायव्हर वरून हसत बघत होता.

मी तावातावाने पुढे झालो, आणि थबकलो. बाकावर माय बसली होती.

“हे फोपनार का?” मी म्हणालो.

“ओरडू नको. लोक बघतेत.”

“तुम्ही दोघं मिळून बाबांचं इंजिन त्या समितीला देताय!”

काका सुतळी गुंडाळत आले. “तो टोपीवाला? मागायलाच आला होता. मी सांगितलं, वैनीचं आहे, वैनी देत नाही. चहा पाजला अन् रवाना केला.”

“मग कापता कशाला? मला विचारलं?”

 माय म्हणाली, “तुझे बाबा होते तेव्हा मी जेवणाचा डबा घेऊन फाटकाशी उभी राहायची. लांबून धुराडं दिसलं का समजायचं, आपली गाडी. मागल्या महिन्यात हे इंजिन माझ्या पुढून गेलं. मी परक्या गाडीसारखं पाहत राहिली. नंतर भाऊजींनी सांगितलं, तेच होतं. घरात रोज दिसलं तर डोळ्यात बसंल, म्हणून मीच म्हटलं त्यांना. तुले काय विचारायचं? विचारलं का तू पत्रक काढतो. तू तरी मले कधी विचारलं?”

ड्रायव्हरने शिट्टी दिली. मी परतीची तिकिटं काढायला गेलो.

तरी घरी एक अडचण उरली. ज्याला हळदकुंकू लागतं त्याला कात्री कशी लावायची? काका म्हणाले, “वैनी, पत्रा आहे तो.” माय ऐकेना. खंडेनवमीची पूजा झाली, दसरा झाला, आणि दुसऱ्या दिवशी तिने गणपतीला करतात तशी इंजिनाची उत्तरपूजा केली. अक्षता टाकल्या, पाटावरून ते जरासं उत्तरेकडे सरकवलं, आणि कात्री माझ्या हातात दिली.

“तू काप.”

यातही डाव आहे, हे मला कळत होतं. एकदा माझ्या हाताने कापलं की तक्रार करायला तोंड कुठे उरणार? पण काका बोट ठेवून रेघ दाखवत होते आणि मायने दुसऱ्या बाजूने पत्रा घट्ट धरला होता. मी कापलं. वडिलांनी दिलेला डाग इतका पक्का होता की कात्रीचं टोक वाकलं. काकांनी नवी खिडकी पाडली, कडा कानशीने घासल्या, जाड बॉयलरसाठी वरून दुसरा पत्रा वाकवून बसवला. कापलेलं धुराडं मायने देव्हाऱ्यात उभं केलं. त्यात आता उदबत्ती लावते.

नव्या राज्याचे फटाके वाजले तेव्हा मी फाटकाशी पत्रकं वाटत होतो. माय आली होती, डबा न घेता. लांबून गाडी दिसली. धूर, बुटकं धुराडं, बाकी मला काही कळलं नाही. माय म्हणाली, “आलं.”

गाडी सिग्नलला थांबली. खात्री केल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही, म्हणून जवळ जाऊन नंबर वाचला. तोच होता. पण नंबराच्या पाटीचे स्क्रू नवेकोरे, चकचकीत. ती पाटी कुठल्याही इंजिनावर बसवता आली असती.

मी वळून पाहिलं. मायने पदर सावरून हात वर केला होता.

स्क्रूंचं मी तिला सांगितलं नाही. पत्रकही काढलं नाही.