सुस्त म्हटल्याचा राग

लग्नाला चार वर्षं झाली तरी पाळणा हलेना, तेव्हा घरात सगळ्यांनी बायकोलाच धरलं. मी गुजरातेत सचिन गावच्या एका डाइंग मिलमध्ये स्टेंटरवर होतो. स्टेंटर म्हणजे ओलं कापड ताणून वाळवणारं भलंमोठं यंत्र, त्याच्या तोंडाशी उभं राहिलं की पोटऱ्यांपासून छातीपर्यंत भाजून निघायचं. कोसाडला घरी यायचो तेव्हा आई बायकोसमोर काढ्याचा पेला धरून उभी असायची. गावाकडची मुळी, कडूजहर. बायको डोळे मिटून प्यायची. मी शेजारी बसून तंबाखूचा मावा चोळायचो.

बायकोच्या सगळ्या तपासण्या ठीक निघाल्या. ती एवढंच म्हणाली, "आते तुमी चाला."

डॉक्टरीण माझ्याहून लहान होती. तिथल्या बाईनं हातात एक डबी दिली आणि कोपऱ्यातली खोली दाखवली. भिंत पातळ. पलीकडे बाकावर एक काकी शेजारणीला उंधियूत कंद कधी घालायचा ते गुजरातीत समजावत होती. मी देवाचं नाव घेतलं, मग इथे ते बरं दिसत नाही म्हणून सोडलं. बाहेर आलो तोवर काकींचा उंधियू शिजून झाला होता.

पुढच्या खेपेला डॉक्टरीण हिंदीत म्हणाली की शुक्राणू कमी आहेत, आणि आहेत ते सुस्त आहेत. कमी आहेत हे मी पचवलं. सुस्त म्हटल्याचा मात्र राग आला. जन्मात मी कधी मिलमधली पाळी चुकवली नव्हती.

मग तिनं विचारायला सुरुवात केली. काम कुठे, मावा किती, मोबाइल कुठे ठेवता, झोप किती. माझ्या तंग जीनकडे बघून तिनं काहीतरी लिहून घेतलं. एकच कारण असं बोट ठेवून सांगता येत नाही, म्हणाली. उष्णता असेल, तंबाखू असेल, मिलमधली रसायनं असतील. जे आपल्या हातात आहे ते बदला, काही महिने धीर धरा.

घरी पोचलो तर आई पेला घेऊन तयार. बायकोनं तो घेतला आणि शांतपणे माझ्यापुढे धरला.

"हाऊ आते तुमी प्या."

आईनं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला डॉक्टरिणीचं सगळं सांगावं लागलं, 'सुस्त'सकट. आई शेवटी म्हणाली, "तुना बापनी कधी आशी तंग जीन घाली नही."

मी नाक दाबून काढा प्यायलो. बायको स्वयंपाकघरात गेली. तिथून भांड्यांचा आवाज येत नव्हता, हसण्याचा येत होता.

स्टेंटर सोडून फोल्डिंगमध्ये, कापडाच्या घड्या घालायला, बदली मागितली. मावा सोडताना जबडा नुसताच चालायचा. ढगळ पायजमा बघून मिलमधले विचारायचे, बिऱ्हाड आतच टाकलंय का. पण पुढे त्यातलेच दोघं, वेगवेगळ्या दिवशी, कोपऱ्यात घेऊन डॉक्टरिणीचा पत्ता विचारून गेले. दोघांनीही दुसऱ्याला सांगू नकोस म्हणून शपथ घातली.

वर्ष उलटलं आणि बायकोला दिवस गेले. आईनं गल्लीत पेढे वाटले आणि नवस फळला म्हणून सांगितलं. मी खोडून काढायला तोंड उघडलं, तर बायकोनं त्यात पेढा कोंबला.

आता पोरगी दीड वर्षाची आहे. क्षणभर एका जागी टिकत नाही. सुस्त म्हणणाऱ्या त्या डॉक्टरिणीला एकदा दाखवून आणायची आहे.