रकेलचं दूध

वेस्ट विंडसरहून सकाळच्या गाडीनं मी आणि मुग्धा न्यूअर्कला निघालो. मुग्धा माझी लेक; अंगावर पाजणाऱ्या आयांना मदत करणं हे तिचं काम. नागपुरात तीस वर्षं मी बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होते, म्हणून म्हणाली, "आई, आज तूही जॉइन हो ना."

स्टेशनबाहेर थोडं चाललो आणि पाट्यांची भाषाच बदलली. बेकऱ्या, मासळीची दुकानं, सगळीकडे पोर्तुगीज. एका बेकरीत पाँव-जी-केझू (चीज घातलेले लिंबाएवढे पाव) घेतले. घाईत खाताना माझी जीभ पोळली.

एका चर्चच्या तळघरात आठ-दहा ब्राझिलियन आया जमल्या होत्या. बहुतेकजणी लोकांची घरं साफ करायला जाणाऱ्या. कामावर असताना दूध कसं काढायचं, कसं साठवायचं, हे मुग्धा सांगत होती आणि तिची दुभाषी लूसिया पोर्तुगीजमध्ये समजावत होती. बाळ छातीशी कसं धरायचं ते मी बाहुली घेऊन दाखवलं.

मागच्या खुर्चीत एक मुलगी एकटीच बसली होती. मी हसून विचारलं, "बाळाला घरी ठेवून आलीस?"

लूसियानं ते तिला सांगितलंच नाही. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "रकेलचं बाळ गेलं. दोन आठवडे झाले."

सगळ्या पांगल्यावर रकेल जवळ आली. तिनं विचारलं, "दूध कसं थांबवायचं? हॉस्पिटलमध्ये कुणी सांगितलं नाही."

मी शेजारी बसले. थंड फडकं ठेव, आराम पडेल एवढंच काढ, हळूहळू ओसरेल, ताप आला तर लगेच डॉक्टरकडे जा. लूसिया सांगत गेली, ती मान हलवत राहिली. मग तिनं फोनवर फ्रीजरचा फोटो दाखवला. काचेच्या पेटीतल्या बाळासाठी रोज काढलेलं दूध, प्रत्येक पिशवीवर तारीख.

"फेकवत नाही," ती म्हणाली.

दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांसाठी ते मिल्क बँकेला देता येईल, असं मुग्धानं सांगितलं.

"ज्याला मिळेल त्याच्या आईला माझ्या दावीचं नाव कळेल?"

"नाही."

तिनं फोनमधला तो फोटो पुन्हा बघितला. मग देते म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "तुम्ही तरी लक्षात ठेवा. दावी. एकोणीस दिवसांचा होता."

परतीच्या गाडीत मुग्धानं विचारलं, "तुमच्या वॉर्डात अशा बायकांना काय सांगायचे गं?"

काहीच सांगत नसू. लवकर घरी पाठवायचो, तेच बरं वाटायचं. उमरेडची एक बाई मला आठवली. रिकाम्या हातांनी ती फाटकाशी उभी होती, ब्लाउज दुधानं भिजलेलं. मी तिला एवढंच म्हटलं होतं, "पदर नीट घे."