चेअरमनच्या रानातला कुंदा

आमच्याकडं कुणाच्या रानात कुंदा हाय म्हणणं म्हणजे त्या माणसाला तोंडावर आळशी म्हणणं. लई हट्टी गवत. हातभर खोल मुळं सोडतं, नांगरानं तुटलं तर एकाचे चार होतात. त्यामुळं कुंदा सगळ्यांच्याच रानात असायचा आणि कबूल कुणी करायचं न्हाई. सगळ्यात कमी कबूल करायचे माझे भाया, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. ते गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. माझ्या रानात कुंद्याची काडी दाखवा, असं चारचौघांत छाती काढून सांगायचे, आणि ओढ्याकाठच्या पट्टीला मात्र बाभळीच्या काट्यांचं उंच कुंपण. आत काय हाय ते मला ठाऊक होतं, आमचं वावर लागूनच होतं. ओढ्याची ओल धरून तिथला कुंदा दुष्काळातही हिरवा राहायचा.

त्या साली सलग दुसरा दुष्काळ. कडबा संपला, चाऱ्याला उसाचं वाढंही मिळेना. माझी म्हैस गाभण होती, माहेरून आलेली, आणि ह्यांनी ठरवून टाकलं की ती सिरसाळ्याच्या बाजारात नेऊन विकायची. मी रडले, भांडले, दोन दिवस तोंड फुगवून बसले. काही उपयोग झाला न्हाई.

तेवढ्यात दूध संघाचे डॉक्टर सोसायटीत आले. कुंदा कोवळा असताना, पोटात तुरा धरून पोटरीत आल्यावर, तुरा बाहेर पडून निसवल्यावर आणि वाळल्यावर, अशा चार वयांत त्यात जनावराला लागणारं सत्त्व किती असतं, ते त्यांना प्रयोगशाळेत तपासायचं होतं. कुणीतरी चारही नमुने आणून द्या म्हणाले. सगळे पुरुष छताकडं बघायला लागले. नमुना देणं म्हणजे रानात कुंदा हाय हे कबूल करणं. सोसायटीत दुधाची फॅट मी तपासायचे, तर मीच म्हणाले, मी आणते. घरी ह्यांना सांगितलं की डॉक्टरांचं काम हाय, कुंदा म्हशीला चारूनही बघायचाय, चार नमुने होईस्तोवर तिला हलवायचं न्हाई. यातलं अर्धं खोटं होतं.

रोज सकाळी कुंपणाच्या फटीतून आत घुसायचे. चोरी म्हणता? ज्याच्या रानात कुंदा न्हाईच, त्याचा कुंदा चोरायचा तरी कसा? कोपऱ्यातला एक चौकोन नमुन्यासाठी राखला, बाकीचा थोडा थोडा विळ्याखाली घेतला. कापलेल्या जागी पुन्हा कोवळा फुटवा यायचा. म्हशीनं त्याच्यावर असा ताव मारला की बघत राहावं. राखलेला चौकोन निसवला, काड्या ताठ झाल्या, तेव्हा त्यातला मूठभर तिला टाकून बघितला. बाईसाहेबांनी नुसता वास घेतला आणि माझ्याकडं असं बघितलं की मीच लाजले. प्रयोगशाळेच्या आधी तिनं निकाल दिला होता.

चारही नमुने सावलीत वाळवून कागदी पुड्यांत भरले. पुड्यावर शेतमालकाचं नाव लिहायला एक ओळ होती. आता भायाचं नाव घ्यायची आमच्यात रीत न्हाई. मी लिहिलं, 'आमच्या सोसायटीचे चेअरमन'. खोटं कशाला लिहू?

निकाल डॉक्टरांनी सोसायटीच्या बैठकीत मोठ्यानं वाचला. कोवळ्यात प्रथिनं भरपूर, पोटरीत जरा उतरलेली, निसवल्यावर धडाधड खाली, आणि वाळल्यावर नुसता चोथा. निसवायच्या आत कापाल तर चारा, न्हाईतर काड्या. इथवर सगळे माना डोलवत होते. मग त्यांनी चेअरमनसाहेबांचे आभार मानले, त्यांच्या रानातल्या झकास कुंद्याबद्दल. मागं कुणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसलं, मग अख्खी बैठकच खोकायला लागली. भायाचा चेहरा लालबुंद झालेला. मला मेलीला काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू. घरी आल्यावर ह्यांनी सिरसाळ्याचा विषयही काढला न्हाई.

संध्याकाळी भाया तणतणत आमच्या गोठ्यात आले. मी पदर ओढून म्हशीच्या आड उभी राहिले. भायाशी सरळ बोलायची पद्धत न्हाई, मधे कुणीतरी लागतं, आणि तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं. शेवटी ते म्हशीलाच म्हणाले, "काय गं, कुणाचा चारा खातीस?"

मीही म्हशीलाच म्हणाले, "सांग की त्यांना. त्यांच्या रानात कुंदा न्हाई, मग त्यांचा कसा असंल?"

भायांनी म्हशीच्या तुकतुकीत पाठीवरून हात फिरवला, मग पोटावर ठेवला. आत पारडू हललं असावं, कारण हात तिथंच थांबला. त्यांची गाय मी रोज बघायचे. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी झाली होती. काट्यांच्या आत हिरवा चारा असताना ती वाळका पाला चघळायची, कारण कुंद्याचा भारा दारात आला असता तर गावाला दिसला असता. इतके दिवस मला त्यांचा राग होता. तो कुठं गेला कळलं न्हाई, नुसतं वाईट वाटलं.

"आता किती दिवसांत निसवंल?" त्यांनी विचारलं. म्हशीला न्हाई, मला. माझ्या लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी सांगितलं, आठ-दहा दिवसांत.

"मग त्याच्या आधी," ते खाली बघत म्हणाले, "एक पेंडी आमच्या गाईलाबी टाकत जा, बाई."